नस कुठवर आली?

मला हे लिहायचं नव्हतं, आधीच सांगून ठेवतो. माझी नात रूथ पुण्याला मोठं शिक्षण घेते. नाताळाला घरी आली की माझा उजवा हात उलटासुलटा करून बघते, जसा काही मी बाजारात आणलेला बैल. यंदा म्हणाली, "नाना, तुमच्या त्या दवाखान्यातले किस्से लिहून काढा." मी चौथीत शाळा सोडली. मला लिहायला सांगून हिला काय मिळणार, देव जाणे. तर म्हणते, "बोलता तसंच लिहा." तसं लिहिलं की सून म्हणणार, नाना, असलं लिहितात होय? म्हणून हे मधलंच काहीतरी.

ही पोरगी उंदराच्या पायातली नस कापते आणि ती परत कशी येते ते बघत बसते. त्यासाठी तिला शिष्यवृत्ती आहे. नस तुटली की पेशीच्या आत बारीक बारीक आरएनए असतात, त्यांचं प्रमाण बदलतं म्हणे, आणि त्यावर ठरतं की नस पुढं जायची का जागीच बसायची. मी विचारलं, ते बारके करतात तरी काय? म्हणाली, "बहुतेक गप्प बसवायचं काम करतात, नाना. पेशीत ढिगानं ऑर्डरी सुटतात. ज्या कामाची आत्ता गरज नाही त्याची ऑर्डर हे दाबून टाकतात, म्हणजे दुरुस्तीचं काम पुढं सरकतं."

मी म्हणालो, बाई, आमच्या वेळी हे औषध असतं तर पहिली सुई बन्सी मास्तराला दिली असती.

आता किस्से साठतात कसे, तर धडधाकट माणूस दवाखान्याच्या बाकड्यावर बसत नाही. बाकड्यावर बसतात ती अडलेली माणसं. ती एकमेकांकडं बघत बसतात, आणि बघत बसलं की काहीतरी होतंच. माझ्या डोक्यात त्या बाकड्यावरचं एवढं साठलंय की पोरीला एकदाचं देऊन टाकतो आणि मोकळा होतो.

*

मी नालबंद. तिसगावच्या बाजारात बैलांना नाल ठोकायचो. आमच्या घरात हा धंदा कुणी केलेला नाही, वडील मिशनच्या शाळेत शिपाई होते. मी हुसेनचाचाच्या हाताखाली शिकलो आणि चाचा थकल्यावर त्यांच्या जागेवर बसलो.

मी डावखुरा. हातोडी डाव्या हातात, खिळा उजव्या हाताच्या चिमटीत. ठोकताना डोळे खुरावर असतात, खिळ्याकडं बघायला सवड नसते. डोकं कुठं, टोक कुठं, चपटी बाजू कुठली, हे बोटांना कळावं लागतं. खिळा तिरपा गेला की जिवंत मासात घुसतो आणि बैल लंगडतो.

तर एकदा एका बैलाला आडवा पाडून, पाय बांधून, मी खूर तासत होतो. बैलानं झटका दिला आणि माझ्या डाव्या हातातली सुरी माझ्याच उजव्या हातात, मनगटाच्या जरा वर, घुसली. बैलाचं काय गेलं? सोडल्यावर उठला आणि कडबा खायला लागला. माझा अंगठा आणि शेजारची दोन बोटं मात्र माझी राहिली नाहीत. हलायची थोडीफार, पण चिमटा काढला तरी कळायचं नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. साल विचारू नका, गावात एसटीडी बूथ नवा नवा निघाला होता एवढं आठवतंय.

नगरच्या एका धर्मादाय दवाखान्यात पुण्याचे डॉक्टर गुजर यायचे. त्यांनी हात परत उघडला, तुटलेली नस शोधून टोकाला टोक शिवलं आणि म्हणाले, "मी जोडली आहे. आता ती आपल्या पायांनी बोटापर्यंत गेली तर गेली. दिवसाला बाजरीच्या दाण्याएवढीही वाढत नाही. धीर धरा."

धीर धरा म्हणे. तोवर माझ्या जागेवर माझा मेव्हणा दिनकर बसला होता. बोटात जीव आला तर मी नालबंद, नाही आला तर जागा कायमची दिनकरची. आणि दिनकरनं ठोकलेल्या नाली बघवत नव्हत्या.

*

दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक खोली होती. दारावरची पाटी वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नाही, आम्ही तिला बोटांची खोली म्हणायचो. ती मंगळवारी भरायची. राज्य सोनवणे बाईंचं. बाई व्यायाम करून घ्यायच्या, आणि त्यांचा आवाज असा की निम्म्या नसा भीतीनं वाढल्या असतील.

बाकड्यावरचे कायमचे गडी तीन. एक मी. दुसरी सरूबाई, हिवरे बाजाराकडची. कडबाकुट्टीच्या यंत्रात तिचा हात गेला होता आणि तिच्या हाताशिवाय तिची म्हैस पान्हा सोडत नव्हती. तिसरा बन्सी मास्तर, पुणतांब्याचा, प्राथमिक शाळेतला. त्याचं पाऊल उचलत नव्हतं, चालताना चप्पल फटाफटा आपटायची. कुणीतरी भोंदू डॉक्टरनं त्याला चुकीच्या जागी सुई मारली, ती नेमकी नसेत. जागा कुठली ते मास्तर सांगायचा नाही. "अपघात" एवढंच म्हणायचा. बसताना मात्र एका कुल्ल्यावर बसायचा.

आल्यावर राम राम नाही, सलाम नाही. पहिला प्रश्न, नस कुठवर आली?

*

डॉक्टर गुजर समजावून सांगायला लागले की आम्हाला झोप यायची. एकदा म्हणाले, "हे बघा, नस म्हणजे टेलिफोनची वायर. वायर तुटली, मी जोडली. आता बोलणं सुरू व्हायला वेळ लागेल."

सरूबाई म्हणाली, "सायेब, आमच्या गावाला वायर जोडून तीन पावसाळं झालं. फोन आजून मुका हाय."

डॉक्टरांनी वायर सोडली ती सोडलीच. पुढच्या मंगळवारी नस म्हणजे द्राक्षाचा वेल झाली. मुळापासून नवा फुटवा निघतो, मांडवाला धरत पुढं जातो, वगैरे. चांगलं चाललं होतं. तर मास्तरनं हात वर केला, "सर, मग त्यावर फवारायचं काय?"

रूथला हे सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, वेलाचं बरोबर आहे. नसेभोवतीच्या पेशी आधी आपलं रोजचं काम टाकून कचरा साफ करतात, मग मांडवासारख्या उभ्या राहतात. आणि फवारायचं काय तेच आम्ही शोधतोय, नाना. म्हणजे मास्तरचा प्रश्न बरोबर होता म्हणे! हे मी मास्तरला कधी सांगणार नाही.

*

नस कुठवर आली हे बघायची डॉक्टरांची रीत होती. नसेच्या वाटेवर बोटानं टकटक करत खाली यायचं. जिथवर नस पोचली असेल तिथं टकटक केली की पुढं मुंग्या येतात. तिथं ते निळ्या पेनानं खूण करायचे. पुढच्या खेपेला खूण खाली सरकली तर नस चालतीय.

रीत चांगली. पण माणसं आमची! एवढा मोठा डॉक्टर पुण्याहून येतो, खाली बसतो, आपला पाय मांडीवर घेतो, आणि त्याला काय "न्हाई" म्हणायचं? आमच्याकडं पाहुण्याला कुणी असं तोंडावर म्हणत नाही. सगळे एकसुरात म्हणायचे, आल्या सायेब, आल्या. खुणा भराभर खाली. डॉक्टर खूश, माणसं खूश, फक्त म्हैस लाथा मारायची थांबत नव्हती.

एकदा डॉक्टरांनी मास्तरचा पाय मांडीवर घेतला आणि खिशात चष्मा शोधायला लागले. मास्तर डोळे मिटून म्हणाला, "आल्या सर. अगदी अंगठ्यापर्यंत."

डॉक्टर म्हणाले, "मास्तर, मी अजून ठोकलंच नाही."

मी एकटाच "न्हाई" म्हणायचो. माझी खूण मनगटाशी येऊन अडली ती हलेना. डॉक्टर माझ्यापाशी आले की त्यांचा चेहरा उतरायचा. सरूबाईला ते बघवेना. मला बाजूला घेऊन म्हणाली, "नाना, येकदा व्हय म्हनून बगा. त्यांनी येवढं बारीक शिवलंय, त्यांना बरं वाटल."

"त्यांना बरं वाटून माझ्या बोटाला खिळा कळनार हाय का?"

"ते न्हाई. पन तुमाला काय लागतंय व्हय म्हनायला?"

काय लागतं ते मी तिला कसं सांगणार? मी एकदा व्हय म्हणालो असतो तर मला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं असतं. आणि बैल काही पुण्याहून येत नाही. त्याच्यापुढं व्हय म्हणून चालत नाही.

*

डॉक्टर गुजर एकदा रजेवर गेले आणि त्यांच्या जागी दुसरे डॉक्टर आले. मुंबईकडचे असावेत. त्यांनी सरूबाईचा हात पुढं घेतला. सरूबाईच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण. वर तुळस आणि तिच्याखाली टिंबांची सरळ ओळ.

डॉक्टर टिंबांवरून बोट फिरवत खाली आले. मग परत वर गेले. परत खाली आले. मग उभे राहून म्हणाले, "कमाल आहे. दर आठवड्याची खूण एका रेषेत आहे आणि नस तर मनगटाला पोचली!" त्यांनी टकटक केली. सरूबाई म्हणाली, आल्या. ते शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरला बोलवायला निघाले.

मास्तर म्हणाला, "अभिनंदन, सरूबाई."

मी म्हणालो, "सायेब, ते गोंदण हाय."

डॉक्टरांनी अंगठ्याला थुंकी लावून एक टिंब पुसून बघितलं. मग पेन खिशात घातलं आणि दुसऱ्या पेशंटकडं गेले. त्यानंतर ते आमच्या खोलीकडं फिरकले नाहीत.

सरूबाईनं त्या दिवशी बाकड्यावरची जागा बदलली. जाताना एवढंच म्हणाली, "खूश हुते बिचारे. तुमाला काय करायचं हुतं?"

*

सोनवणे बाईंना या खोटेपणाचा वीट आला. एका मंगळवारी त्या पाण्याचं घमेलं घेऊन आल्या. म्हणाल्या, आजपासून कुणी काही सांगायचं नाही, फक्त हात बुडवून बसायचं. मास्तरनं पाय बुडवायचा. जिथली नस जिवंत आहे तिथली कातडी पाण्यात चुरगळते, जिथली मेली आहे तिथली गुळगुळीत राहते. "कातडीला खोटं बोलता येत नाही," असं म्हणून बाईंनी मास्तरकडं बघितलं.

मग काय, सगळे घमेल्यात डोळे लावून बसले. बायका सुरकुत्या जाव्यात म्हणून तोंडाला काय काय फासतात, आणि आम्ही इथं एका सुरकुतीसाठी जीव टांगून बसलेले. सरूबाईची करंगळी जरा चुरगळली तर तिनं ती पदरानं पुसून बाईंना अशी दाखवली जशी नवी अंगठी. माझ्या करंगळीच्या बाजूची दोन बोटं मनुक्यासारखी, आणि उरलेली तीन नव्या नवरीची. गुळगुळीत.

मी घरी येऊन चिडून बायकोला सांगितलं. मार्थाला गप्प राहवतंय कुठं? तिनं आमच्या पाळकसाहेबांच्या कानावर घातलं. रविवारी चर्चमध्ये भर मंडळीत पाळकसाहेब हात वर करून म्हणाले, "प्रभू, आमचे बंधू शांतवन यांच्या बोटांना सुरकुत्या दे."

मग मागच्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली, "आन माझ्या तोंडावरच्या घे."

सगळी मंडळी आमेन म्हणाली.

*

एक लहानसा सांगतो, तो सांगताना मला अजून हसू येत नाही. एका मंगळवारी आम्ही चहा पीत बसलो होतो आणि खोलीत जळका वास आला. साध्या माणसांना जळका वास आला तर ती चुलीकडं बघतात. आम्ही सगळ्यांनी, एकमेकांना न विचारता, आपापले हात उलटे करून बघितले. बधिर बोट भाजलं तरी कळत नाही ना! मास्तरनं पाय बघितला.

बाईंचं हात शेकायच्या मेणाचं भांडं करपलं होतं. बाईंनी आमच्याकडं बघितलं आणि चहाचे स्टीलचे ग्लास उचलून नेले. दुसऱ्या मंगळवारपासून कानाचे कप आले.

*

मग बाईंनी बाजरीचा डबा काढला. बाजरीत वस्तू पुरायच्या, डोळे मिटून बोटांनी शोधायच्या आणि काय आहे ते सांगायचं. म्हणजे नवी नस बोटात आली की तिला शिकवावं लागतं, पहिलीतल्या पोरासारखं.

इथंही सगळ्यांच्या लबाड्या. सरूबाई वस्तू कपावर वाजवून बघायची आणि आवाजावरून सांगायची. मास्तरला सगळ्या वस्तू ओळखू यायच्या, आणि त्याचं तर पाऊल अडलेलं, हाताला काही झालंच नव्हतं! तरी तो रांगेत उभा राहायचा आणि शाबासकी घेऊन जायचा.

माझ्यासाठी बाई म्हणाल्या, तुमच्या कामाची वस्तू घेऊन या. मी नालेचा खिळा नेला. बाईंनी तो आणि आगकाडी अशा दोन वस्तू पुरल्या. मी दोन्ही काढल्या. बघितल्याशिवाय मला त्यातली खिळा कुठली ते सांगता येईना.

एसटीत खिडकीशी बसलो आणि तो खिळा उजव्या चिमटीत धरून बसलो. तिसगावला उतरताना बघितलं तर चिमटी तशीच होती आणि खिळा नव्हता. कुठं पडला, कधी पडला, माझ्या बोटांना पत्ता नाही. स्टँडवरून घरी येताना दिनकर दिसला. ठोकाठोक करत होता. मी दुसऱ्या आळीनं गेलो.

मार्था म्हणाली, "बाजरी आपल्या घरात बी हाय की." तिनं परातीत बाजरी ओतली आणि त्यात खिळे टाकले.

*

रोज परात. सकाळी चहाच्या आधी परात, संध्याकाळी दिवे लागल्यावर परात. मार्था तिच्या मनाला येईल ते पुरायची आणि मी हात घालून बसायचो. कोंबड्यांना वाटायचं त्यांच्यासाठीच मांडलंय.

आता एक खोलीभर माणसं वेडी झाली तर दवाखान्यात भागतं. घरात वेडेपणा केला की तो गिरणीत जातो. मार्थानं परातीतली बाजरी एकदा तशीच दळायला दिली. गिरणीवाला रावसाहेब ओट्यावर येऊन उभा. पिठानं पांढरा आणि रागानं लाल. "नाना, बाजरी दळतो का लोखंड? जात्याचा दगड गेला माझ्या!" आणि त्यानं दळणात सापडलेल्या लोखंडाची मूठ माझ्या उजव्या हातात रिकामी केली.

मी म्हणालो, ओरडू नको, बघतो माझे किती हायेत. पण रावसाहेबाचं तोंड थांबेना म्हणून मी त्याच्याकडंच बघत होतो. बघता बघता बोटांनी एकेक वेगळा केला. हा खिळा. हा खिळा, डोकं तुटलेला. हा न्हाई. "ह्यो माझा न्हाई," मी रावसाहेबाला म्हणालो, "ही मार्थाची केसातली पिन हाय."

मग माझं मलाच ऐकू आलं. मी खाली बघितलं. पिनच होती.

मार्था दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. रावसाहेबाला वाटलं ती त्याच्या ओरडण्यानं रडतीय. तो एकदम मवाळ झाला आणि म्हणाला, "जाऊ द्या वैनी, दगडाचं काय येवढं. छिन्नीनं टाकी लावून घेतो."

त्या रात्री घमेल्यात हात घातला. अंगठ्याला बारीकशी एक सुरकुती. शपथेवर सांगतो, तेवढी चांगली वस्तू मी आयुष्यात बघितली नाही.

*

आता शेवटचा. हाच सांगायचा नव्हता, आणि रूथला हाच पाहिजे.

पुढच्या मंगळवारी खोलीत पाहुणे होते. मुंबईचे काही डॉक्टर आणि एक गोरी म्हातारी डॉक्टरीण. डॉक्टर गुजर कोट घालून आलेले. त्या दिवशी माझ्या हाताचा निकाल लागायचा होता. नस आली असेल तर मी बाजारात बसायचं, नसेल तर हा हात आता असाच राहणार म्हणून सांगायचं, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. दिनकरही बरोबर आला होता. मला आधार द्यायला, म्हणाला. मी त्याला फाटकाशी उभा केला.

एकेकाला आत घेत होते. सरूबाई जाऊन आली आणि तिकडूनच बाहेर गेली. मग मी गेलो. डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. मास्तर माझ्या मागं स्टुलावर बसला होता, पुढचा नंबर त्याचा. डॉक्टर पाहुण्यांशी इंग्रजीत बोलायला लागले. मी हळूच म्हणालो, "मास्तर, काय बोलत्यात ते सांगत जा." मास्तर म्हणाला, "निश्चिंत राहा. इंग्रजी माझ्याकडं सोडा."

डॉक्टरांनी उजव्या हातात काहीतरी ठेवलं. मी बोटांत फिरवलं. "किल्ली." दुसरं ठेवलं. "बटण. चार भोकांचं." तिसरं. "खडू, सायेब. अर्धा." मला आतून वाटत होतं, नस आली, शांतवन, जागा तुझी.

मग डॉक्टरांनी माझा पंजा हातात धरला, उघडला आणि मिटला. "आता काय आहे?"

मी अंगठा बोटांवर घासला. एकदा इकडून, एकदा तिकडून. बोटाला बोटच लागत होतं.

"काय न्हाई, सायेब. रिकामा हाय."

डॉक्टर इंग्रजीत बोलायला लागले. बराच वेळ बोलले. पाहुणे हं हं करत होते. मी मान मागं करून विचारलं, "काय म्हनत्यात?"

मास्तरनं घसा साफ केला. "म्हणतात, वाईट वाटतं, पण या माणसाला काही कळत नाही. आधीचं सगळं अंदाजानं सांगितलं. नस मेलेली आहे."

मला काय झालं सांगता येत नाही. तीन वस्तू बरोबर सांगितल्या. रिकामा हात रिकामा सांगितला. परातीत किती महिने हात घातला. आणि हा माणूस मला गोऱ्या बाईसमोर अंदाज करणारा म्हणतो? मी उठलो नाही, ओरडलो नाही. डोळ्यांवर टॉवेल तसाच. जिकडून इंग्रजी येत होतं तिकडं उजवा हात नेला. कोट लागला. कॉलर लागली. गाल लागला, दाढी केलेला. मग मिशी लागली. मी मिशीतला एक केस चिमटीत धरला. दोन नाही, एकच. आणि उपटला.

डॉक्टर किंचाळले.

मी म्हणालो, "सायेब, ही तुमची मिशी हाय. आन ह्यो एकच केस हाय. मोजून घ्या."

कुणीतरी माझा टॉवेल सोडला. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी, ओठावर रुमाल. सोनवणे बाई भिंतीकडं तोंड करून उभ्या, त्यांचे खांदे हलत होते. गोऱ्या म्हातारीनं माझ्या चिमटीतला केस आपल्या चिमटीत घेतला, उजेडात धरला आणि डॉक्टरांना काहीतरी म्हणाली. पाहुणे हसले. त्याचं भाषांतर मी कुणाला विचारलं नाही.

बाई वळल्या तेव्हा त्यांचं तोंड लाल झालं होतं. "नाना, काय केलंत हे! साहेब तुमचं कौतुक करत होते. रिकाम्या हातात काय आहे, असं ते मुद्दाम सगळ्यांना विचारतात, खोटं पकडायला. सरूबाई मघाशी लवंग म्हणाली. साहेब सांगत होते, या खोलीत रिकाम्याला रिकामं म्हणणारा हा पहिला, आणि याची नस खरी आली आहे."

मी मागं वळून बघितलं. स्टूल रिकामं होतं.

डॉक्टर रुमालातून म्हणाले, "दिनकरला सांगा, जागा सोड." एवढंच. बाजाराच्या दिवशी मी माझ्या जागेवर बसलो आणि पहिल्या बैलाला नाल ठोकली. बैल चालत गेला.

पुढं कितीतरी वर्षं सगळे मला म्हणायचे, नाना, डॉक्टरांची माफी मागा. मार्था म्हणायची, पाळकसाहेब म्हणायचे, सरूबाई तर म्हशीच्या खरवसाबरोबर निरोप पाठवायची. मी कशाला मागू? मला जे सांगितलं त्यावर मी वागलो. डॉक्टरांनी कधी मागितली नाही आणि मी कधी दिली नाही, आमच्या दोघांचं त्यात काही अडलं नाही. माफी मागायची आहे ती दुसऱ्यानं, आणि डॉक्टरांची नाही, माझी. तो माणूस अजून पुणतांब्यात आहे. ठणठणीत चालतो. लग्नाकार्यात भेटतो, आणि चारचौघांत मिशीचा किस्सा माझ्यासमोर रंगवून सांगतो, स्टुलावर कोण बसलं होतं तेवढं गाळून.

बन्सी मास्तर.